चेंडूकडे न बघणारा प्रेक्षक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझ्या कामाचं नाव सांगितलं की आमच्या घरात अजून गोंधळ उडतो. स्काऊट म्हटलं की आपल्याकडे गळ्यात स्कार्फ बांधलेला, तीन बोटांनी सलाम करणारा शाळकरी मुलगा डोळ्यांसमोर येतो. आई कितीतरी दिवस शेजारीपाजारी सांगत होती, "आमचा थोरला पोरांस्नी घिऊन क्यांपाला जातोय." शेवटी एकदा तिला बसवून समजावलं, की फुटबॉलच्या क्लबांना चांगली पोरं लागतात, ती गावोगाव हिंडून हुडकायला माणूस लागतो आणि तो माणूस मी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे दुसऱ्याची पोरं खेळत्यात ती बघायची, आन् त्याचा पगार मिळतोय?" तोवर मला एक रुपयाही मिळालेला नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही.

हे काम करायचंय, सुरुवात कशी करू, असं विचारणारी मुलं आता अधूनमधून भेटतात. २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून जास्तच. रिक्षावाल्याचा मुलगा विश्वचषकात उतरला म्हटल्यावर गल्लीगल्लीत पोरांना खेळाडू व्हायची स्वप्नं पडणारच. पण स्वतः खेळून आपण फार पुढं जाणार नाही हे ज्यांना मनोमन कळलंय, अशी काही मुलं वेगळंच विचारतात : "सर, त्याला पहिल्यांदा बघितलं कुणी?" हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्याशी मी चहा घेऊन बोलतो. आज तेच तुमच्याशी बोलतोय. माझ्याकडे उपदेशापेक्षा चुका जास्त आहेत, तेव्हा त्याच सांगतो.

कोल्हापूरबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल हा तालमींचा खेळ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं ऐकून तुम्हाला लाल माती आणि लंगोट आठवेल. शाहू स्टेडियमवर मात्र ती फुटबॉल संघांची नावं आहेत. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आली की दुकानं लवकर बंद होतात. अशाच एका तालमीच्या 'ब' संघातून मी हाफला खेळायचो. 'अ' संघात जाईन असं मला वाटत होतं, दुसऱ्या कुणाला वाटत नव्हतं. मग गुडघा गेला आणि तो प्रश्न मिटला. बी.पी.एड. केलं, हायस्कुलात खेळाचा शिक्षक म्हणून लागलो.

२००८ साली शाळेचा संघ घेऊन एका स्पर्धेला गेलो होतो. तिथं एका मोठ्या क्लबच्या युवा संघाचे प्रशिक्षक आले होते. बंगाली गृहस्थ, अंगानं सडपातळ, सारखं पान. त्यांना मधूनच परत जायचं होतं. माझ्या हातात एक कोरा कागद देऊन म्हणाले, उरलेले सामने तुम्ही बघा आणि तीन मुलांची नावं मला कळवा. मी हरखून गेलो. सामने बघितले, ज्या तिघांनी सगळ्यांत जास्त गोल केले त्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मास्टरजी, ये तो स्कोअरबोर्ड पे भी लिखा था."

वर त्यांनी एक अभ्यास दिला. पुढच्या सामन्यात एकच मुलगा निवडायचा आणि अर्धा तास फक्त त्याच्याकडे बघायचं. चेंडू कुठंही असो. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मान आपोआप चेंडूमागं वळते. तिकडं गोल होतो, सगळं मैदान उठून शिट्ट्या मारतं, आणि तुम्ही मात्र मोजे वर ओढणाऱ्या डाव्या बॅककडे बघत उभे. पहिले दोन-तीन महिने मला हे जमलंच नाही. पण सवय झाल्यावर लक्षात आलं की आपण आजवर फुटबॉल बघतच नव्हतो, चेंडू बघत होतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ तो काय करतो? चेंडू गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागं धावतो? सोबत्याची चूक झाली की त्याच्यावर ओरडतो की त्याला हाक मारून जागा दाखवतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चेंडू पायात येण्याआधी तो मान वळवून मागं बघतो का? नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची चित्रणं तासन्‌तास बघून हेच मोजलं. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त वेळा बरोबर ठिकाणी जातात. आमच्या बंगाली बाबूंनी असलं काही वाचलं नसावं, पण "गर्दन देखो, पैर बाद में" हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते.

तेव्हापासून शनिवार-रविवार मी वही घेऊन हिंडू लागलो. शंभर पानी साधी वही. गांधी मैदान, शाळांची मैदानं, सांगली, मिरज, गडहिंग्लज. एस.टी.चा खर्च माझा, डबा घरचा. आई-वडील जिथं उभे असतात तिथं उभं राहायचं नाही, हे लवकर शिकलो, कारण दोन मिनिटांत कुणीतरी आपल्या मुलाची कर्तबगारी सांगू लागतो. सामना सुरू होण्याआधी अर्धा तास पोचायचं, सराव बघायचा. वहीत 'चांगला खेळतो' असं लिहायचं नाही, ते वाक्य कुणालाही लागू पडतं. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं. 'उजवा पाय फक्त उभं राहण्यासाठी' असं मी एकाबद्दल लिहिलं होतं. आजही ते वाचलं की तो मुलगा समोर उभा राहतो.

आता ज्या पानासाठी मी हे सगळं सांगतोय, त्या पानाकडे येतो.

२०११ साल. १४ वर्षांखालच्या मुलांची एक स्पर्धा. त्या दिवशी मी दोन मुलांवर लिहिलं, एकाच पानावर, वर एक आणि खाली एक. वरचा मुलगा दणकट, उंच, छाती रुंद. बॅकच्या अंगावरून जायचा, चेंडू पायातून सुटला तरी ताकदीवर परत मिळवायचा. पाच गोल केले. त्याच्यापुढं मी लिहिलं, 'शिफारस. ताबडतोब.' खालचा मुलगा पन्हाळ्याकडच्या एका गावचा, डावखुरा, इतका लहान की जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली. त्याच्यापुढं मी लिहिलं, 'चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागं बघतो. प्रत्येक वेळी. पण चण फार लहान. पुढच्या वर्षी पाहू.'

श्रोतेहो, बघा कसं असतं. मला दिसलं होतं. 'प्रत्येक वेळी' असं मी स्वतःच्या हातानं लिहिलंय. पण शेजारी तो दणकट मुलगा धावत होता आणि माझी नजर पुन्हा स्कोअरबोर्डवर गेली.

दणकट मुलाला क्लबनं चाचणीला बोलावलं. त्याची जन्मतारीख होती १ जून. तुमच्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे, ते आता हसले असतील. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच असायचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. पुढच्या पिढीत जन्मदाखले आले, तरी खेळाच्या मैदानावर १ जून दिसला की मी आता सावध होतो. तेव्हा झालो नव्हतो. क्लबनं मनगटाची तपासणी केली. वाढत्या वयात मनगटाच्या हाडांमधल्या वाढीच्या भागात फट दिसते, वाढ पुरी झाली की ती बुजते. फिफानं २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, ती याचसाठी. आमच्या मुलाची हाडं सांगत होती की तो चौदाचा नाही, चांगला मोठा आहे. बाबूंनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तपासणीचा कागद फक्त पाकिटात घालून पाठवून दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या मुलाचा तरी काय दोष? तारीख त्यानं थोडीच लिहिली होती. पण त्याच्या जागी चाचणीला जाऊ शकणारा एक मुलगा गेला नाही, हे मला तेव्हा सुचलंही नाही. 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून मी ते पान उलटलं होतं. पुढच्या वर्षी तो स्पर्धेला आला नाही. चौकशी करायला हवी होती, केली नाही. वही भरली, दुसरी घेतली.

२०१६ मध्ये शिरोलीच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या माणसाकडे गेलो होतो. फाउंड्रीच्या दारात पाळी सुटत होती. एक उंच पोरगा अंगावरची काळी वाळू झटकत माझ्यासमोर आला आणि वाकून पाया पडला. "वळखलं न्हाई व्हय सर? त्या स्पर्धेला तुमी वहीत लिवत हुता." माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाला होता. डावा हात पुढं केला, तेव्हा ओळख पटली. वडील वारले, शाळा सुटली, मामानं कामाला लावलं, असं सगळं दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला. मग म्हणाला, "सर, एक इचारू? तवा माझ्याबद्दल काय लिवलं हुतं?"

मी सांगून टाकायला हवं होतं. पण खोटं बोलवेना आणि खरं तोंडून निघेना. दोन दिवसांनी ती वही घेऊन परत गेलो. टपरीवर बसून त्यानं ते पान वाचलं. वरच्या मुलाबद्दलचंही वाचलं. बराच वेळ वही त्याच्या हातात होती. मग म्हणाला, "बरोबर हाय की सर. तवा लहानच हुतो मी." चहाचे पैसे त्यानंच दिले.

त्याला घेतला असता तर तो फार मोठा खेळाडू झाला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित झालाही नसता. पण मला ते आता कधीच कळणार नाही, आणि त्याला तर नाहीच. ज्याला निवडलं त्याची चूक दिसते, क्लबचा कागद घरी येतो. ज्याला सोडलं त्याचा कागद कुठूनच येत नाही.

चण लहान म्हणून मुलं सोडणारा मी एकटा नाही, हे नंतर वाचून कळलं. समाधान नाही झालं, पण अक्कल आली. फ्रान्सच्या अँत्वान ग्रीझमानला मायदेशातल्या एकामागून एक क्लबांनी उंची कमी म्हणून परत पाठवलं. २००५ मध्ये एका युवा स्पर्धेत एरिक ओलात्स या स्काऊटनं त्याला बघितलं आणि स्पेनच्या रेआल सोसिएदादकडे नेलं. २०१८ मध्ये तो फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला. ओलात्सनाही तोच बुटका पोरगा दिसत होता, जो बाकीच्यांना दिसत होता.

याला शास्त्रही आहे आणि ते नव्या माणसानं शिकूनच घ्यावं. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांत जानेवारीचा आणि डिसेंबरचा असा जवळजवळ वर्षाचा फरक असतो. चौदाव्या वर्षी हा फरक म्हणजे डोंगर. १९८० च्या दशकात कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचीच गर्दी असते, हे दाखवून दिलं. पुढं फुटबॉलमध्येही तेच आढळलं. त्याशिवाय कुणाला मिसरूड तेराव्या वर्षी फुटते, कुणाला सोळाव्या. बेल्जियमच्या महासंघानं अशा उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच ठेवला. आपल्याकडे तेवढं नाही, पण एक गोष्ट फुकट करता येते. सामना संपल्यावर मुलाच्या आई-वडिलांना बघून घ्यायचं. बाप दारात वाकून आत येणारा असेल तर पोराच्या उंचीची चिंता तुम्ही करू नका. आणि 'पुढच्या वर्षी पाहू' असं मी आता लिहीत नाही. कधी, कुठल्या मैदानावर, ती तारीख लिहितो, शेजारी त्याच्या शाळेचा फोन नंबर. घरची ओढाताण आहे असं कळलं तर तेही लिहितो. खेळ सुटतो तो बहुतेक वेळा मैदानावर सुटत नाही.

आता व्यवहाराचं. हे काम कुठं शिकवतात? इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे खेळाडू हेरण्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे मी प्रत्येकाला आधी प्रशिक्षणाचं डी लायसन्स करायला सांगतो. पोरांना शिकवल्याशिवाय पोरगं शिकेल की नाही हे कळत नाही. मोठ्या संघात खेळलेलं असलंच पाहिजे असं नाही, माझंच उदाहरण समोर आहे. संगणकावर बसून जगभरचे सामने बघण्याची सोय आता आहे. इटलीत २००४ मध्ये सुरू झालेलं वायस्काऊट मोठमोठे क्लब वापरतात. पण चौदा वर्षांची पोरं खेळतात ते मैदान कुठल्या कॅमेऱ्यात नसतं. पालक मोबाईलवर तीन मिनिटांची चित्रफीत पाठवतात. त्यात पोरगं एकदाही चेंडू गमावत नाही. मी उलट कळवतो, चेंडू गमावल्यानंतरची तीन मिनिटं पाठवा.

पैशाचं विचाराल, तर इंग्लंडमध्येसुद्धा खालच्या पातळीवरचे पुष्कळ स्काऊट गाडीच्या पेट्रोलवर राबतात. आपल्याकडे २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, क्लबांना लहान वयाचे संघ बांधायची गरज पडली, तेव्हा कुठं माझ्यासारख्यांना मानधन दिसू लागलं. नोकरी सोडून यात उडी मारू नका. मी शाळा सोडली नाही. कोलकात्याचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांनी १९९२ च्या सुब्रतो चषकात सिक्कीमच्या एका पोराला हेरलं, पुढच्या वर्षी तो ईस्ट बंगालमध्ये गेला. तो बायचुंग भुतिया. म्हणजे शाळांच्या स्पर्धा सोडू नका, खजिना तिथंच आहे.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. स्काऊट म्हणवून घेणारे काही लोक पालकांकडून पैसे घेतात. 'स्पेनला चाचणी आहे, दोन लाख भरा' असं सांगतात. फिफाचा नियम असा, की १८ वर्षांखालच्या खेळाडूला मोजके अपवाद सोडले तर दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताच येत नाही. तेव्हा पंधरा वर्षांच्या पोराला तिकडच्या क्लबात बसवतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं पालकांनी लक्षात ठेवावं. स्काऊटला पैसे क्लब देतो, पालक नाही. पालकांच्या घरचा चहा चालतो, पाकीट चालत नाही. मुलाशी एकट्यानं बोलायचं नाही. आधी त्याच्या सरांना भेटायचं, मग घरच्यांना, आणि 'तुझं काम झालं' हे शब्द तर कधीच उच्चारायचे नाहीत. ते ऐकून पोरगं दहावीचा अभ्यास त्याच संध्याकाळी बंद करतं.

क्लबला पत्र लिहाल तेव्हा 'मला फुटबॉलची फार आवड आहे' असं लिहू नका. आवड सगळ्यांना असते. त्यापेक्षा तुमच्या भागातल्या दोन मुलांवरचे अहवाल जोडा, प्रत्येक मुलगा किमान तीनदा बघून लिहिलेले. त्यातला एक सामना त्याचा संघ हरत असतानाचा असावा.

बाबू निवृत्त होऊन गावी गेल्यावर मी अशी पत्रं तीन क्लबांना लिहिली. दोघांकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्यांचं सात महिन्यांनी आलं. सध्या जागा नाही, असं लिहिलं होतं. खाली पेनानं एक ओळ होती, की आपल्या अहवालातल्या अकरा नंबरच्या मुलाचा पत्ता कळवू शकाल का? मी त्याच्या शाळेचा कळवला, आणि ती तारीख वहीत लिहून ठेवली.